खुंबूच्या वाटेवरील आशीर्वाद : एका बौद्ध विधीचे स्वरूप आणि अर्थ

नेपाळच्या ईशान्येस सोलुखुंबू जिल्ह्यात, दूधकोसी नदी व तिच्या उपनद्या यांच्या खोऱ्यांतून शेर्पा लोकांची जुनी वस्ती आहे. या प्रदेशाच्या उत्तरेकडील उंच भागास खुंबू असे नाव आहे. एव्हरेस्टच्या पायथ्याकडे जाणारी वाट या भागातून जाते. लुकला येथे सुमारे २,८५० मीटर उंचीवर आरंभ होणारी ही वाट नामचे, तेंगबोचे, पांगबोचे अशी गावे मागे टाकीत ५,३६४ मीटर उंचीच्या तळापर्यंत चढत जाते. वाटेत तेंगबोचे किंवा पांगबोचे येथे पुष्कळ प्रवासी थांबतात आणि एखाद्या लामापुढे बसून त्याचा आशीर्वाद घेतात. विधी अगदी थोडा वेळ चालतो. प्रवासी दोन्ही हातांवर पांढरा रेशमी पट्टा धरून लामापुढे वाकतो. लामा तो पट्टा घेऊन पुन्हा त्याच्याच गळ्यात घालतो, मंत्र पुटपुटून एक गाठ मारलेला तांबडा दोरा त्याच्या गळ्यात बांधतो, तांदळाचे दाणे उधळतो, आणि प्रवासी पुढे चालू लागतो. महाराष्ट्रातून दरवर्षी या वाटेने जाणाऱ्या मंडळींच्या गळ्यात परत येताना हा तांबडा दोरा बहुधा असतोच.

हा विधी नेमका काय आहे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. मराठी वाचकाच्या मनात त्याची दोन उत्तरे आधीच तयार असतात. पहिले उत्तर धर्मानंद कोसंबी आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या ग्रंथांतून बुद्धाची ओळख झालेल्या वाचकाचे. ज्या धर्मात ईश्वर नाही, कृपा नाही, मनुष्याने स्वतःच स्वतःचा आधार व्हावे असे ज्याच्या शास्त्याने अंतकाळीही सांगितले, त्या धर्मात मंतरलेला दोरा आला कोठून, असे हा वाचक विचारील. कोसंबी स्वतः बौद्ध धर्माच्या शोधात नेपाळात गेले असता तेथील धर्माची अवस्था पाहून त्यांची घोर निराशा झाली होती, हे 'निवेदन' वाचणारांस ठाऊक आहे. दुसरे उत्तर याच्या अगदी उलट. आपल्याकडे अंगारा असतो, गंडा असतो, प्रसादाचा नारळ असतो, तसेच हेही. देव निराळा, एवढाच काय तो फरक. ही दोन्ही उत्तरे सर्वस्वी चुकीची नाहीत. परंतु दोन्ही घाईची आहेत.

प्रथम ज्या भूमीवर हा विधी होतो तिचा विचार केला पाहिजे. शेर्पा या शब्दाचा अर्थ पूर्वेकडचे लोक असा आहे. पूर्व तिबेटातील खाम प्रांतातून निघून सुमारे पाचशे वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज खुंबूत आले. ते तिबेटी बौद्ध धर्माच्या ञिङ्मा या सर्वांत जुन्या संप्रदायाचे अनुयायी आहेत, आणि या संप्रदायात पद्मसंभवाचे, म्हणजेच गुरू रिंपोछे यांचे, स्थान बुद्धाच्या खालोखाल आहे. आठव्या शतकात पद्मसंभव तिबेटात गेला तेव्हा तेथील पर्वत, सरोवरे व खिंडी यांवर सत्ता चालविणाऱ्या उग्र दैवतांनी त्यास अडविले. त्याने त्यांचा नाश न करता त्यांस जिंकले आणि धर्माचे रक्षण करण्याची शपथ त्यांस घालून पुन्हा त्यांच्या त्यांच्या स्थानी बसविले, अशी परंपरा आहे. या कथेत या धर्माची एक मोठी किल्ली आहे. स्थानिक दैवते या धर्माने हाकलून लावली नाहीत. ती पर्वतावरच राहिली. मात्र शपथेने बांधलेली. शपथेने बांधलेला सेवक रागावूही शकतो, हे येथे ध्यानात ठेवावयाचे.

पद्मसंभवाने संकटकाळी धर्मनिष्ठांना आसरा मिळावा म्हणून हिमालयात काही गुप्त खोरी राखून ठेवली असेही परंपरा सांगते. अशा खोऱ्यास बेयुल म्हणतात, आणि खुंबू हे त्यांपैकी एक मानले जाते. म्हणजे शेर्पांच्या दृष्टीने प्रवासी ज्या वाटेने चालतो ती एखाद्या उजाड पहाडातील वाट नसून एका संरक्षित क्षेत्रातील वाट आहे. या क्षेत्राचा भूमिस्वामी खुंबिला हा पर्वत होय. नामचेच्या वर उभा असलेला हा पर्वत अवघा ५,७६१ मीटर उंच, म्हणजे आसपासच्या शिखरांच्या मानाने बुटकाच. पण त्यावर कोणी चढत नाही, चढू दिलेही जात नाही. त्याच्या पायथ्यावरून शेकडो मोहिमा आठ हजार मीटरच्या शिखराकडे गेल्या आणि हे शिखर मात्र तसेच राहिले, ही गोष्ट मोठी बोलकी आहे.

पांगबोचेचा गोम्पा खुंबूतील सर्वांत जुना. सतराव्या शतकातील लामा सांग्वा दोर्जे याच्या नावाशी तो निगडित आहे. या लामाने आपले केस कापून वाऱ्यावर टाकले आणि त्यांतून गोम्पाभोवतालची धुपीची झाडे उगवली, अशी आख्यायिका गावात सांगतात. धुपी हे सुवासिक पानांचे झाड. त्याचा उल्लेख पुढे पुन्हा येईल. तेंगबोचेचा विहार त्या मानाने अलीकडचा, १९१६ साली लामा गुलू याने स्थापन केलेला. १९३४ च्या भूकंपात तो पडला, पुन्हा बांधला गेला. १९८९ साली आगीत जळाला, आणि पुन्हा उभारून १९९३ साली त्याची प्रतिष्ठापना झाली. ज्या इमारतीचे छायाचित्र प्रत्येक प्रवासी पुरातन मठ म्हणून घरी घेऊन जातो, ती अशी तिसऱ्यांदा बांधलेली आहे. वज्रयानी मनास यात विसंगत असे काही वाटत नाही. पावित्र्य दगडांत नसून परंपरेत आहे, असे ते मानते.

ही परंपरा सीमेपलीकडून आली. एव्हरेस्टच्या उत्तर पायथ्याशी, तिबेटात, रोंगबुक येथे ङावाङ तेंझिन नोर्बू या लामाने १९०२ साली विहार स्थापिला. तेंगबोचेची स्थापना त्याच्याच प्रेरणेने झाली, आणि मणि रिम्दू हा तेंगबोचेचा शरद ऋतूतील प्रसिद्ध उत्सवही रोंगबुकचाच वारसा आहे. परदेशी पाहुणे या उत्सवास मुखवट्यांच्या नृत्यासाठी जातात. गावकरी मात्र मुख्यतः जातात ते 'वाङ' घेण्यासाठी, म्हणजे दीर्घायुष्याचा सामुदायिक अभिषेक घेण्यासाठी. कित्येक दिवस मंत्रजप करून सिद्ध केलेल्या पिठाच्या बारीक गोळ्या त्या वेळी वाटल्या जातात. उत्सवाच्या नावातील 'रिम्दू' या शब्दाचा संबंध या गोळ्या सिद्ध करण्याशीच आहे. वाटेवरच्या प्रवाशाला मिळणारा आशीर्वाद हा या मोठ्या विधीचा एक छोटासा, एकट्यापुरता अंश समजावा.

आता शब्दाकडे वळू. ज्यास आपण आशीर्वाद म्हणतो त्यास तिबेटी भाषेत 'जिनलाब' म्हणतात. लिहिताना हा शब्द दोन पदांचा आहे : पहिल्याचा अर्थ तेज, प्रभाव, दुसऱ्याचा अर्थ लाट. जुन्या तिबेटी भाषांतरकारांनी हा शब्द संस्कृतातील 'अधिष्ठान' या शब्दासाठी योजिला. हे लक्षात घेतले म्हणजे एक गैरसमज दूर होतो. आशीर्वाद या आपल्या शब्दात इच्छा आहे. वडीलधारा मनुष्य धाकट्याचे भले इच्छितो आणि ती इच्छा वाणीने प्रकट करतो. प्रसाद या शब्दात प्रसन्नता आहे. 'पसायदान' या शब्दातला 'पसाय' तोच. जिनलाबमध्ये या दोहोंपेक्षा निराळी कल्पना आहे. ज्याने दीर्घ साधना केली त्याचे चित्त एका विशिष्ट अवस्थेस पोचते. त्या अवस्थेचा प्रभाव, लाट किनाऱ्यास लागावी तसा, जवळ येणाऱ्यास लागतो. लामा काही देत नाही, असे म्हटले तरी चालेल. तो जेथे बसला आहे तेथे जो येतो, त्यास ते मिळते. मात्र भांडे उताणे हवे. पालथ्या भांड्यात पाणी राहत नाही, हा दृष्टांत तिबेटी उपदेशात वारंवार येतो, आणि तेथे पालथे भांडे म्हणजे लक्ष न देणारा श्रोता. मराठीत पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच.

पांढऱ्या पट्ट्यास 'खता' म्हणतात. तो केवळ लामासाठीच असतो असे नाही. लग्नात, मुलाच्या जन्मानंतर, प्रवासास निघणाऱ्यास, पाहुण्यास आणि प्रेतासही खता घालतात. त्याचा पांढरा रंग देणाराच्या मनाची शुद्धता दाखवितो. समान दर्जाच्या माणसांत खता दिला की तो घेणाऱ्याकडे राहतो; परंतु लामापुढे धरलेला खता लामा परत देणाराच्याच गळ्यात घालतो. नवख्या प्रवाशास आपली भेट नाकारली असे क्षणभर वाटते. वस्तुतः येथे भेट स्वीकारली जाते आणि आशीर्वादाच्या रूपाने परत येते. दक्षिणा खत्याच्या घडीत किंवा पाकिटात ठेवलेली असते. ती तेवढी राहते.

तांबड्या दोऱ्यास 'सुंगदू' किंवा शेर्पा उच्चाराप्रमाणे 'सुंगदी' म्हणतात. शब्दाचा अर्थ रक्षण करणारी गाठ. येथे महत्त्व दोऱ्याचे नसून गाठीचे आहे. लामा मंत्र म्हणत गाठ मारतो व तीवर फुंकर घालतो. मंत्र जणू गाठीत बांधला जातो. या प्रथेस वज्रयानाचे वैशिष्ट्य समजण्याचे कारण नाही. सिंहलद्वीपात व इतर थेरवादी देशांत परित्तपाठ चालू असताना भिक्षू व उपासक एक लांब सूत हाती धरतात, आणि पाठानंतर त्याचे तुकडे मनगटांस बांधतात. महाराष्ट्रातील बौद्ध घरांतूनही परित्राणपाठ होतो. तेव्हा रक्षणासाठी पाठ करणे ही गोष्ट बौद्ध धर्मात तिबेटी लोकांनी घुसडली, असे म्हणता यावयाचे नाही. ती पालि ग्रंथांतच आहे.

या पालि परित्तांपैकी खंधपरित्ताची कथा येथे विशेष उपयोगी पडेल. एक भिक्षू सर्पदंशाने मेला. बुद्धास हे कळविले असता त्याने सांगितले की, त्या भिक्षूने सर्पांच्या चार राजकुलांप्रती मैत्रीची भावना केली नव्हती. केली असती तर तो मेला नसता. मग त्याने भिक्षूंना आत्मरक्षणासाठी ती मैत्रीभावना शिकविली. कथेतील उपाय पाहण्यासारखा आहे. सर्पास दूर ठेवणारा, त्यास आंधळा करणारा किंवा मारणारा मंत्र येथे सांगितलेला नाही. ज्याचे भय वाटते त्याच्याशी मैत्री करावयाची आहे. रक्षण करणारी शक्ती बाहेरून येत नाही. जो रक्षण मागतो त्याच्याच चित्तात बदल घडावयाचा असतो. आशीर्वादाच्या बौद्ध कल्पनेचा हा पाया होय, आणि त्यावर तिबेटी विधींची इमारत कितीही रंगीबेरंगी चढली असली तरी पाया सुटलेला नाही.

पांगबोचेचे लामा गेशे यांच्या उदाहरणावरून हे स्पष्ट होईल. तिबेटातून आलेले हे वृद्ध लामा २०१८ साली निवर्तले. त्यापूर्वी कित्येक वर्षे एव्हरेस्टला जाणाऱ्या बहुतेक मोहिमा त्यांच्या घरी थांबून पुढे जात. ते येणाऱ्याच्या कपाळाला कपाळ भिडवीत, मोठ्याने हसत, आणि शिखरावर नेण्यासाठी एक लहानसा कागद देत. शिखर गाठलेले गिर्यारोहक तो कागद हाती धरून काढलेले छायाचित्र त्यांस आणून देत. अशा छायाचित्रांनी त्यांच्या खोलीची भिंत भरून गेली होती. परंतु त्या कागदावर यशाचा मंत्र नव्हता. इतरांस इजा करण्याचा हेतू मनातून काढून टाकावा आणि सर्वांच्या हितासाठी झटावे, अशा आशयाचा उपदेश त्यावर होता. शिखर जिंकण्यास निघालेल्या मनुष्याच्या खिशात असा कागद ठेवण्यात काहीसा विनोदही आहे, आणि तो त्या वृद्धास कळत नसेल असे मानण्यास आधार नाही.

गिर्यारोहणाविषयी लामांचे स्वतःचे मत काय होते, याचा एक जुना पुरावा उपलब्ध आहे. १९२२ साली जनरल ब्रूस यांच्या नेतृत्वाखालील ब्रिटिश मोहीम रोंगबुक येथे आली, तेव्हा ङावाङ तेंझिन नोर्बू यांनी तिचे आतिथ्य केले. आपल्या आत्मचरित्रात त्यांनी या भेटीची नोंद ठेवली आहे. एवढ्या क्षुल्लक कार्यासाठी ही माणसे एवढे कष्ट सोसत आहेत हे पाहून त्यांस या पाहुण्यांची करुणा आली, असा तिचा आशय आहे. त्याच वर्षी ७ जून रोजी उत्तर खिंडीच्या उतारावर हिमलोट कोसळून सात भारवाहक ठार झाले. मृतांत युरोपीय एकही नव्हता. दोन वर्षांनी, १९२४ च्या मे महिन्यात, वादळी हवेने मोहीम मागे हटली व दोन नोकर दगावले, तेव्हा खचलेल्या भारवाहकांना घेऊन मोहिमेचे नेते पुन्हा याच लामाकडे गेले. त्यांनी सर्वांना आशीर्वाद दिला आणि माणसे पुन्हा पर्वतावर गेली. त्या मोहिमेतील मॅलरी आणि अर्व्हिन ८ जूनला शिखराच्या वाटेवर नाहीसे झाले, हे सर्वश्रुत आहे.

या प्रसंगात आशीर्वादाचा उपयोग साहेबांनी मनोधैर्याचे औषध म्हणून केला, यात शंका नाही. ते स्वतःही तसेच समजत होते. पण भारवाहक ते तसे समजत होते काय? शेर्पांच्या धार्मिक जीवनाचा अभ्यास करणाऱ्या शेरी ऑर्टनर या अमेरिकन विदुषीने १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात या प्रश्नाचा विस्ताराने विचार केला आहे. तिच्यापूर्वी फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी १९६४ साली शेर्पांवरील पहिला सविस्तर ग्रंथ लिहिला. आदिलाबादच्या राजगोंडांवरील त्यांच्या कार्यामुळे हे नाव मराठी अभ्यासकांस परके नाही. या दोघांच्या लेखनातून जे चित्र उभे राहते ते साहेबांच्या समजुतीहून निराळे आहे. शेर्पा पर्वतावर जातो तो बहुधा पोटासाठी. पर्वतावर पाय ठेवणे हे दैवताच्या अंगणात शिरणे आहे, हे तो जाणतो. हिमलोट, वादळ, अपघात हे त्या दैवताच्या कोपाचे परिणाम असू शकतात. तो जो विधी करतो त्यात शौर्याची प्रार्थना थोडी आणि क्षमायाचना व परवानगी अधिक असते.

हे तळावरील पूजेत सर्वांत चांगले दिसते. मोहिमेचे तंबू लागले की शेर्पा दगडांचा एक चौथरा रचतात. त्यास व त्यावरील विधीस ल्हापसो म्हणतात. मधोमध काठी उभारून तिच्यापासून चहूकडे पताकांच्या माळा ओढतात. निळा, पांढरा, तांबडा, हिरवा आणि पिवळा हे पताकांचे पाच रंग आकाश, वायू, अग्नी, जल व पृथ्वी या महाभूतांचे. यांस 'लुंगता' म्हणतात, म्हणजे वायूचा घोडा; हाच शब्द माणसाच्या नशिबाच्या जोमासही लावतात. ज्याचा लुंगता उंच आहे त्याची कामे होतात, खाली आला की साधी वाटही चुकते. चौथऱ्याशी बर्फाच्या कुऱ्हाडी, दोर, बुटांचे खिळे, शिरस्त्राणे मांडतात. भाजलेल्या जवाचे पीठ म्हणजे त्साम्पा, तांदूळ, लोणी, फळे, बिस्किटे, छाङ नावाची जवाची दारू आणि अलीकडे बाटल्यांतील पेयेही ठेवतात. आपल्याकडील दसऱ्याच्या शस्त्रपूजेची येथे आठवण होणे स्वाभाविक आहे. धुपीच्या हिरव्या डहाळ्या जाळून दाट पांढरा धूर करतात. लामा, किंवा मोहिमेतीलच एखादा वाचता येणारा शेर्पा, पोथी वाचतो. शेवटी सर्वजण त्साम्पाची मूठ उचलून, देवांचा जय असो अशा अर्थाची आरोळी देत ते हवेत उधळतात आणि मग एकमेकांच्या गालांना फासतात. जेजुरीचा भंडारा पाहिलेल्या मनुष्यास हा देखावा परका वाटणार नाही. गाल पांढरे करण्याचा अर्थही गोड आहे : दाढी पांढरी होईपर्यंत जग.

या पूजेपूर्वी शेर्पा हिमप्रपातात पाऊल टाकण्यास सहसा राजी नसतात. पूजा ज्या देवतांना उद्देशून असते त्यांत मियोलांगसांगमा ही प्रमुख. त्सेरिंगमा आदी पाच भगिनींपैकी ती एक असून एव्हरेस्ट हे तिचे निवासस्थान मानतात. तिचे वाहन वाघीण, आणि ती अन्नधान्य देणारी आहे. ही संहारकर्ती देवता नव्हे हे पाहिले म्हणजे एक गोष्ट उलगडते. शेर्पांना गेल्या शतकात या पर्वतापासून खरोखरच अन्न मिळाले. तेंझिंग नोर्गे २९ मे १९५३ रोजी शिखरावर पोचले तेव्हा त्यांनी बर्फात खळगा करून त्यात गोळ्या, बिस्किटे असा खाऊ पुरला. जगाने त्या दिवशी विजय पाहिला. तेंझिंग तेथे नैवेद्य दाखवीत होते.

देवतेचा कोप ओढवणाऱ्या गोष्टींना एक सामान्य नाव आहे : 'थिप', म्हणजे विटाळ किंवा मळ. चुलीत मांस करपणे, कचरा जाळून दुर्गंधी पसरविणे, पर्वतावर प्राणिहत्या, भांडण, स्त्रीपुरुषसंग ही त्याची कारणे सांगतात. धुपीचा धूर हा मळ घालवितो. या धूपविधीचे 'सांग' हे नावच शुद्धी या अर्थाचे आहे. येथे शुद्धी आणि आशीर्वाद यांचा क्रम पाहावा. आधी आपल्या बाजूने झालेली घाण काढावयाची, मग मागावयाचे. ज्या तळावर दर हंगामात शेकडो माणसे राहतात आणि जेथील कचऱ्याचा प्रश्न आता नेपाळ सरकारासही सोडवावा लागतो, तेथे हा जुना नियम केवळ अंधश्रद्धा म्हणून बाजूस सारणे शहाणपणाचे ठरणार नाही.

एवढे सर्व करूनही माणसे मरतात. १८ एप्रिल २०१४ रोजी खुंबू हिमप्रपातात बर्फाचा प्रचंड कडा कोसळून नेपाळचे सोळा कामगार ठार झाले. पुढच्याच वर्षी २५ एप्रिलच्या भूकंपात हिमलोट थेट तळावर येऊन आदळला. १९२२ प्रमाणेच २०१४ मध्येही मृत्यू आला तो पोटासाठी ओझे वाहणाऱ्यांच्याच वाट्यास. मग दोऱ्याने काय केले, असा प्रश्न विचारणारा मनुष्य पाखंडी नव्हे. हा प्रश्न बौद्ध परंपरेत दोन हजार वर्षांपूर्वीचा आहे. मिलिंदपञ्ह या ग्रंथात राजा मिलिंद नागसेनास हेच विचारतो : मृत्यूच्या पाशातून सुटका नाही असेही तुम्ही म्हणता आणि परित्तही सांगता, दोहोंपैकी खरे काय? नागसेनाचे उत्तर असे की, परित्त हे ज्याचे आयुष्य शिल्लक आहे त्याच्यासाठी आहे; पूर्वकर्माचा अडथळा, क्लेशांचा अडथळा आणि अश्रद्धा या तीन कारणांनी ते निष्फळ होते.

तर्कदृष्ट्या हे उत्तर समाधानकारक नाही. ज्या औषधाचे अपयश नेहमी रोग्याच्याच माथी मारता येते त्याची परीक्षा कधी होऊच शकत नाही. शिवाय सोळा मृतांच्या विधवांना पूर्वकर्माचे कारण सांगणे कठोरपणाचे होईल. वस्तुतः शेर्पा समाजात त्या वेळी जी चर्चा झाली ती केवळ कर्माची नव्हती. पर्वताची मर्यादा मोडली जात आहे, अशी खंत बोलून दाखविली गेली. आणि त्याच श्वासात विम्याची रक्कम, मृतांच्या कुटुंबांना द्यावयाची भरपाई आणि कामाच्या अटी यांविषयी सरकारकडे मागण्याही केल्या गेल्या. दक्षिणेकडील त्या हंगामातील मोहिमा जवळजवळ सर्व बंद पडल्या. दैवताविषयीचे भय आणि मजुराचा हक्क ही येथे परस्परविरोधी ठरली नाहीत. जो मनुष्य दोरा बांधतो तो मुकाट्याने सोसतो, हे गृहीत निदान या प्रसंगी खोटे ठरले.

बौद्ध परिभाषेतील आणखी एका शब्दाने या विधीवर प्रकाश पडतो. प्रतीत्यसमुत्पाद हा बौद्ध दर्शनाचा मध्यवर्ती सिद्धांत : कोणतीही वस्तू एकटी, स्वतःच्या बळावर उभी नसते, अनेक कारणे एकत्र येतात तेव्हा ती उत्पन्न होते. या कठीण शब्दाचा तिबेटी पर्याय 'तेंदेल'. पंडितांच्या ग्रंथांत या शब्दाचा तोच गहन अर्थ आहे. पण बाजारात, शेतात, स्वयंपाकघरात त्याचा अर्थ होतो शकुन, चांगला योग. घरातून निघताना भरलेली घागर दिसली की तेंदेल चांगला. नागार्जुनाच्या शून्यवादाचा आधार असलेला शब्द शकुनाच्या पातळीवर आला, म्हणून कोणी ही अवनती समजेल. परंतु तसे पाहण्याची आवश्यकता नाही. ज्या समाजाने ही गोष्ट मनापासून पटवून घेतली की फळ हे असंख्य लहान कारणांच्या मेळातून येते, त्या समाजास निघतानाचे एक चांगले कारण आपल्या हाताने त्या मेळात घालावेसे वाटते. दोरा हे त्यांपैकी एक कारण. दोराची तपासणी, हवामानाचा अंदाज आणि मध्यरात्री निघण्याची शिस्त ही दुसरी. पहिले केले म्हणून दुसरे सोडावे असे कोणताही शेर्पा समजत नाही.

श्रद्धा नसलेल्या परक्या प्रवाशास या आशीर्वादाचा काय लाभ, असा प्रश्न राहतो. लामांच्या बाजूने याचे उत्तर सोपे आहे. आशीर्वाद सर्व प्राणिमात्रांसाठी असतो, आणि याक तसेच कुत्री यांनाही तो मिळतो तेथे प्रवाशाने श्रद्धेचा दाखला आणावा अशी अपेक्षा नसते. मात्र प्रवाशाच्या बाजूने थोडी सावधगिरी हवी. दक्षिणा हे मूल्य नव्हे, दान आहे. तिच्यावर विहारातील दिवे, पोथ्या आणि शिकणारी मुले यांचा खर्च चालतो. परंतु दान दिले की छायाचित्राचा हक्क मिळाला, असे समजणारे प्रवासी पुष्कळ असतात, आणि मार्गदर्शकाच्या वेळापत्रकात आशीर्वादाची वेळ चहाच्या वेळेसारखी लिहिलेली असते. हा विधी त्यामुळे खोटा होतो असे नाही. पंढरपुरासही हौसे, गवसे, नवसे जातातच. पण पालथ्या भांड्याचा दृष्टांत अशा वेळी आठवावा.

वागण्याचे नियम थोडे आहेत. मणिभिंत व चैत्य नेहमी उजव्या हातास ठेवून पुढे जावयाचे. खता दोन्ही हातांनी द्यावयाचा. लामापेक्षा उंच आसनावर बसावयाचे नाही व त्याच्याकडे पाय करावयाचे नाहीत. गळ्यातील दोरा कापून काढीत नाहीत. तो झिजून आपोआप तुटेपर्यंत राहू देतात. तुटल्यावर तो केरात टाकावयाचा नसतो. स्वच्छ जागी जाळतात, नाहीतर पायाखाली येणार नाही अशा उंच ठिकाणी, एखाद्या झाडाच्या फांदीला, बांधून ठेवतात.